तिसऱ्या खांबाजवळची फरशी

गेलिंदो पेल्लारिन कुणाच्याही घरात शिरला की आधी खाली बघायचा. यजमान हात पुढे करून उभा, यजमानीण कॉफीचं विचारतेय, आणि हा उंबऱ्यातच मान घालून फरशी न्याहाळतोय. नवख्या माणसाला वाटायचं, बुवा लाजाळू दिसतो. गावातल्या लोकांना ठाऊक होतं की तो लाजाळू वगैरे काही नाही, मनातल्या मनात नापास करतोय.

पंचेचाळीस वर्षं त्याने मोझेकच्या फरश्या घातल्या. ताल्यामेंतो नदीच्या पात्रातले गोटे फोडायचे, कपच्या निवडायच्या, मसाल्यात बसवायच्या, घासायच्या, पुन्हा घासायच्या, शेवटी जवसाचं तेल पाजायचं. आमच्या फ्रिउली प्रांतातल्या त्या पट्ट्यात दर दुसऱ्या घरातला पुरुष हेच करत आला. कोलोनची इस्पितळं, ल्योंच्या शाळा, कुठकुठल्या बँकांचे जिने या लोकांनी गुडघ्यांवर रांगत घातले आणि म्हातारपणी तेच गुडघे घेऊन गावी परत आले. गेलिंदोचा डावा गुडघा डॉक्टरांनी बदलला होता. उजव्याची पाळी यायची होती.

कामावर त्याला लावलं त्याच्या मामाने, चौदाव्या वर्षी. तीतामामा आईचा थोरला भाऊ. अंगाने वाळकुडा, पण सगळ्या पंचक्रोशीत फरशीच्या कामात त्याचा शब्द शेवटचा. शिकवायची पद्धत एकच. रेषा केसभर हलली की गवंड्याच्या करणीच्या मुठीने बोटांवर हाणायचा आणि म्हणायचा, "रॅव्हेन्नाला जा. सान्त प्रोबोच्या चर्चमध्ये आत शिरल्यावर उजवीकडचा तिसरा खांब. त्याच्या पायाशी माझ्या हातचं काम आहे. ते बघून ये, आणि मग माझ्यासमोर तोंड उघड." तरुणपणी मामा तिथे जुन्या फरशीच्या दुरुस्तीला गेला होता, एवढंच घरात ठाऊक होतं. पण गेलिंदोने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की न पाहिलेल्या त्या खांबाचा त्याला धाक वाटू लागला. स्वतःची एखादी खोली चांगली झाली, मालकाने पाठ थोपटली, तरी रात्री जेवताना मनात यायचं, तिकडे तो तिसरा खांब आहे, त्याच्यापुढे हे काय.

जायचं नक्की केलं होतं, शहात्तर साली, नवं लग्न झालेलं असताना. रविवारी निघायचं होतं. गुरुवारी रात्री भूकंप झाला आणि निम्मं फ्रिउली भुईसपाट झालं. त्यानंतर कित्येक वर्षं इतकी घरं पुन्हा उभी करायची होती की फिरायला जातो म्हणायचीसुद्धा लाज वाटावी. मग जर्मनी, मग मुलगा, मग गुडघे. मामा एक्क्याऐंशी साली गेला. तोपर्यंत गेलिंदोने खांब पाहिला नव्हता, त्यामुळे तोंडही उघडलं नव्हतं.

म्हणून चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ऑक्टोबरात, पेन्शनरांच्या मंडळाने एका दिवसाची रॅव्हेन्ना सहल काढली तेव्हा यादीत पहिलं नाव त्याचं होतं. दुसरं त्याच्या बायकोचं, निवेसचं. त्याने कार्यक्रमपत्रिका चष्मा लावून दोनदा वाचली. तीन चर्च, तिसरं सान्त प्रोबो. सोबत मार्गदर्शक बाई. दुपारी जेवण. सगळं धरून एकोणतीस युरो. एवढ्यात हे कसं परवडतं, असं निवेसने विचारलं होतं. तो म्हणाला, तुला फुकटातही खोट दिसते.

खोट सकाळी नऊला कळली. साडेपाचला अंधारात निघालेली बस फेर्रारा ओलांडून महामार्गावरून खाली उतरली आणि एका पत्र्याच्या गोदामापुढे थांबली. वांदाबाईंनी माईक हातात घेतला. या मंडळाच्या चिटणीस. पोस्टात तीस वर्षं खिडकीवर बसल्यामुळे माणसांना रांगेत उभं करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी सांगितलं की इथे एक छोटंसं प्रात्यक्षिक आहे, गाद्यांचं. कुणावर सक्ती नाही, पण सहल स्वस्त पडली ती यांच्यामुळे, तेव्हा सगळ्यांनी बसायचं आहे.

सगळे बसले. टाय लावलेला एक माणूस पाठीच्या कण्याबद्दल बोलू लागला. गेलिंदो मागच्या खुर्चीवर घड्याळाकडे बघत होता. साडेनऊला त्या माणसाने स्वयंसेवक मागितला आणि निवेसची मैत्रीण बूट काढून गादीवर आडवी झाली. दहाला सगळ्यांना बिस्किटं वाटली. गेलिंदो उठून वांदाबाईंकडे गेला आणि मार्गदर्शक बाई दहाला चौकात उभी राहणार होती ना, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, तिला फोन केलाय. मग तिचा वेळ साडेबारापर्यंतच होता ना, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "गेलिंदो, आयुष्यभर थांबलास ना? अर्धा तास थांब."

अर्धा तासच असता तर गोष्ट वेगळी. अकराला दहा कमी असताना बस हलली. तीन गाद्या विकल्या गेल्या होत्या आणि बाकीच्यांना एकेक टॉवेल मिळाला होता. निवेसने टॉवेल पिशवीत घालताना नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि टॉवेलचा विषय काढला नाही.

रॅव्हेन्नात पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. मार्गदर्शक बाई, मारिलेना नावाची, चौकातल्या कट्ट्यावर बसून पिशवीतलं सफरचंद खात होती. तिने शांतपणे सांगितलं की चाळीस मिनिटांत दोन चर्च होतील, तीन होणार नाहीत. वांदाबाई म्हणाल्या, तिसरं लहानच आहे, सोडून देऊ. अठ्ठेचाळीस माणसांत एकानेही तक्रार केली नाही. गेलिंदोने केली. तो म्हणाला की हवं तर पहिली दोन सोडा. लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "पेल्लारिन, पोपच्या घरी गेलास तरी तू पायपुसणंच बघणार."

पुढची चाळीस मिनिटं त्याला नीटशी आठवतसुद्धा नाहीत. मोठ्या चर्चमध्ये सगळ्यांच्या माना वर. छतावर सोनं, हिरवं, निळं, मोर, मेंढ्या, राण्या. मारिलेना भरभर बोलत होती आणि चांगलं बोलत होती, पण माणसं वर बघत मागे सरकत होती आणि दर दोन मिनिटांनी कुणाची तरी टाच गेलिंदोच्या पायावर पडत होती, कारण तो जागच्या जागी खाली वाकून फरशीचे सांधे तपासत होता. दुसऱ्या जागी एका वेळी पाच मिनिटंच आत राहू देत. पाच मिनिटांतली दोन, निवेसच्या मैत्रिणीचा चष्मा शोधण्यात गेली.

मग जेवण. हॉटेलच्या लांब टेबलांवर आधी हॅम आणि पियादिनाच्या पोळ्या, मग काप्पेलेत्ती, म्हणजे रश्शातला सारण भरलेला पास्ता, मग भाजलेलं मांस, मग पुन्हा वाइन. गेलिंदोला खरं तर भूक होती आणि काप्पेलेत्ती उत्तम होते, याचाही त्याला राग आला. दोन वाजता एकाने अकॉर्डियन काढलं. अडीचला तंबोलाची तिकिटं वाटायला सुरुवात झाली. बस साडेचारला सुटणार होती आणि त्याआधी, वांदाबाईंनी जाहीर केलं, अर्धा तास खरेदीला मोकळा.

गेलिंदोने निवेसच्या कानात सांगितलं, "मी जाऊन येतो."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

"एकटा? त्या गुडघ्यावर?" ती म्हणाली. मग हातातला काटा ठेवून, "मी येऊ?"

त्याने नको म्हटलं. पुढे कित्येक दिवस तिने हे त्याला ऐकवलं, की मी येते म्हटलं होतं. पण त्या क्षणी त्याला कुणीच नको होतं. तो पायखान्याकडे जातो असं दाखवून उठला आणि स्वयंपाकघराच्या बाजूने बाहेर पडला. कोट खुर्चीवर राहिला. कोटाच्या खिशात फोन.

सान्त प्रोबो दहा मिनिटांवर आहे, असं वेटरने सांगितलं होतं. वेटर बावीस वर्षांचा होता. गेलिंदोला पंचवीस मिनिटं लागली. एकदा तो चुकून बाजाराच्या गल्लीत शिरला, एकदा सायकलवाल्या बाईने त्याला शिवी दिली. पोचला तेव्हा मोठं दार बंद. दारावर कागद चिकटवलेला: संध्याकाळी संगीत कार्यक्रम असल्यामुळे आज दुपारी चर्च दर्शनासाठी बंद.

तो दारापाशी उभा राहिला. त्याने मला सांगितलं की त्या वेळी त्याला रडू वगैरे आलं नाही, फक्त कुणालातरी मारावंसं वाटलं, आणि समोर कुणीच नव्हतं. मग आतून ड्रिलचा आवाज आला. जिथे ड्रिल चालू आहे तिथे माणूस आहे, एवढं कामगाराला कळतं. आवाजाच्या रोखाने तो भिंतीला वळसा घालून गेला. बाजूचं लहान दार उघडं होतं, आणि त्यातून वायरीचं भलंमोठं भेंडोळं आत गेलं होतं. त्याच्यावरून पाय उचलून तो आत शिरला.

उजवीकडचा पहिला खांब. दुसरा. तिसऱ्या खांबाच्या जागी लाकडी मंच होता. गुडघाभर उंच, लोखंडी पायांवर फळ्या बसवलेल्या, वरून काळं कापड ठोकलेलं. मंच खांबाला दोन्ही बाजूंनी मिठी मारून पार वेदीपर्यंत गेला होता. चर्चमधली बाकी सगळी फरशी उघडी होती.

मंचावर एक माणूस उकिडवा बसून दिव्याची वायर जोडत होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कमरेला हत्यारांचा पट्टा. त्याचं नाव लोरिस, हे नंतर कळलं. त्याने मान न उचलता सांगितलं, "आजोबा, बंद आहे. उद्या या."

"उद्या मी तीनशे किलोमीटर लांब असेन," गेलिंदो म्हणाला. "आणि मी आजोबा नाही, फरशीवाला आहे."

लोरिसने मान उचलली. गेलिंदोने एका दमात सांगून टाकलं: मामा, खांब, भूकंप, गाद्या. गाद्यांपर्यंत आल्यावर त्याचा आवाज चढला. लोरिस ऐकत राहिला. मग म्हणाला की त्याचं सगळं बरोबर असेल, पण साहेब चारला येणार, साडेचारला वादक येणार, आणि हे कापड एकदा ठोकलं की ठोकलं. गेलिंदो म्हणाला, "हे कापड वाकडं ठोकलंय. या बाजूला दोन बोटं जास्त आहे. साहेबाला दिसेल." लोरिसने पाहिलं. खरंच दोन बोटं जास्त होतं. त्याने एक शिवी हासडली, ती कापडाला की गेलिंदोला ते कळलं नाही, आणि खांबाजवळचे खिळे काढायला घेतले. तसंही आता काढावंच लागणार होतं.

कापड मागे गेलं. खालच्या फळीचे चार स्क्रू. लोरिसने फळी उचलून बाजूला टेकवली आणि म्हणाला, "पाच मिनिटं."

सकाळपासून सगळीकडे पाचच मिनिटं मिळत होती. नवा गुडघा मुडपायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून गेलिंदो शेजारच्या फळीवर पालथा पडला आणि त्याने भोकातून डोकं खाली घातलं. लोरिसने बॅटरी धरली.

आधी जुनी फरशी दिसली. पांढऱ्या जमिनीवर काळ्या दगडांची वेल, मधे फिकट लाल पानं. शेकडो वर्षं माणसं चालून चालून दगड साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते. एकही तुकडा दुसऱ्यासारखा कापलेला नाही, आणि तरी वेल पाण्यासारखी वाहत होती. वळणावर आली की तुकडे आपोआप लहान व्हायचे, जसे चालणारे लोक कोपऱ्यावर पावलं आखडतात. गेलिंदोने तोंडातल्या तोंडात एकदा "हं" केलं.

मग वेल खांबाच्या पायाशी आली आणि मोडली.

दोन हात लांब, हातभर रुंद असा तो तुकडा होता. त्यातले दगड सगळे एका मापाचे, सरळ रांगेत. वळणावर न वळता त्यांनी कोन केला होता. सांधे जाड, करड्या सिमेंटने भरलेले. देठ एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूला बोटभर खाली बाहेर पडत होता. कोपऱ्यात पाणी साचून साचून डाग पडला होता, म्हणजे उतारही चुकलेला. गेलिंदोला आधी वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं असणार. पण डाव्या कोपऱ्यात तीन हिरवट खडे एकाशेजारी एक बसवलेले होते. मामा घालायचा त्या प्रत्येक फरशीत हे तीन खडे असत, आमच्या नदीचे. ते रॅव्हेन्नाच्या आसपास मिळत नाहीत.

त्याने हात खाली घालून बोटाने माप घेतलं. बोटभर. पुन्हा घेतलं. बोटभरच.

"सापडलं?" लोरिसने विचारलं.

"सापडलं."

"मग?"

"वाकडं आहे," गेलिंदो म्हणाला.

लोरिसला वाटलं तो अजून कापडाबद्दलच बोलतोय. तो म्हणाला, हो हो, करतो सरळ, आता उठा. पण गेलिंदो उठेना. तो त्या भोकात डोकं घालून तसाच पडून राहिला आणि बघत राहिला. बोटांवर बसलेले मामाचे फटके त्याने कधी मोजले नव्हते, तरी आता एकेक आठवत होता: स्पिलिंबेर्गोच्या दवाखान्यातल्या जिन्यावर, त्या वकिलाच्या दिवाणखान्यात, पाद्र्याच्या घरी पाद्र्यासमोर. ह्या बोटभर चुकलेल्या देठासाठी. शेवटी लोरिसने आणि ड्रिल बाजूला ठेवून आलेल्या त्याच्या सोबत्याने काखेत हात घालून त्याला उभं केलं, कारण उजवा गुडघा धरला होता आणि त्याला स्वतःला उठता येत नव्हतं. गुडघा सुटेपर्यंत ते त्याला मंचाच्या कडेवर बसवून कामाला लागले. त्याच्या डोळ्यांदेखत फळी बसली, कापड ओढलं गेलं. या खेपेला सरळ.

बसपाशी पोचायला त्याला सव्वापाच झाले. पाऊण तास अठ्ठेचाळीस माणसं बसमध्ये बसून होती. निवेसने सात वेळा फोन केला होता आणि सातही वेळा तो तिच्याच मांडीवरच्या कोटात वाजला होता. वांदाबाई माईकवर बोलल्या. शिस्त, दुसऱ्यांचा वेळ, मंडळाचं नाव. त्यांचं काही चूक नव्हतं, पण सकाळच्या गोदामाचा ज्यांना वीट आला नव्हता त्यांना हा पाऊण तास भारी जड गेला, हे गेलिंदोच्या डोक्यात बसलं ते बसलंच. माफी मागायची सोडून तो म्हणाला, "गादी घेतली असती तर झोपून वाट बघता आली असती." त्यावर्षीच्या पुढच्या दोन सहलींच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

फेर्रारा गेलं, पादोवा आलं. दिवे लागले होते. निवेसने मघाचा टॉवेल घडी करून त्याच्या गुडघ्याखाली ठेवला आणि मग विचारलं, "पाहिलंस?"

"पाहिलं."

"कसं होतं?"

"माझ्या हाताखालच्या पोराने केलं असतं तर मी सगळं उखडून काढायला लावलं असतं."

त्याने तिला सगळं सांगितलं, खिडकीकडे तोंड करून. शेवटी ती म्हणाली, "मामा तिथे कामाला गेले तेव्हा केवढे होते?"

त्याने हिशेब केला. मामाचा जन्म सतराचा. दुरुस्तीचं काम तेहतीस सालचं, हे मामाच्याच तोंडून ऐकलेलं. म्हणजे सोळा. सोळा वर्षांचं पोर, घरापासून लांब, हजार-दीड हजार वर्षं जुन्या वेलीपुढे बसवलेलं.

निवेसला वाटलं होतं, हे ऐकून त्याचा राग उतरेल. उतरला नाही. उलट वाढला. सोळाव्या वर्षी चुकलं, त्यात काय, सगळ्यांचं चुकतं, तो म्हणाला. पण मग ते सांगायचं. एकदा जरी सांगितलं असतं, की गेलिंदो, मीही पहिल्यांदा वाकडंच घातलं होतं. मरेपर्यंत त्या खांबाच्या नावाने भीती घातली, आणि मला काय ठाऊक, मीही तसंच—

तिथे तो थांबला. पुढचं निवेसला माहीत होतं. त्यांचा मुलगा देनिस तीन वर्षं बापाच्या हाताखाली होता. एका न्हाणीघराचा कोपरा गेलिंदोने त्याच्याकडून चार वेळा उखडून घेतला, काडीएवढ्या उताराच्या फरकासाठी. चौथ्या वेळी देनिसने करणी बादलीत टाकली, नळाखाली हात धुतले आणि निघून गेला. आता त्याचं उदिनेमध्ये सायकलींचं दुकान आहे. फोन करतो तो आईला, रविवारी.

त्या आठवड्यात फोन गेलिंदोने केला, तोही मंगळवारी, भर दुकानाच्या वेळेला. देनिस घाबरला. आई बरी आहे ना, असं त्याने आधी विचारलं. गेलिंदोने सांगितलं की आई बरी आहे. मग सांगितलं की तो रॅव्हेन्नाला जाऊन आला, मामाचं काम पाहिलं, आणि ते वाकडं आहे.

पलीकडे कुणीतरी चाकात हवा भरत होतं. देनिस म्हणाला, "किती?"

"बोटभर."

"बोटभर," देनिस म्हणाला. "बाबा, तुम्ही हे सांगायला फोन केलात?"

गेलिंदोला बरंच काही म्हणायचं होतं. त्याने बसमध्ये ते मनाशी जुळवलंही होतं, पण हातात फोन घेऊन उभ्या उभ्या ते काही केल्या रांगेत बसेना. तो म्हणाला, "हो." देनिसने सांगितलं की गिऱ्हाईक उभं आहे, मग बोलू.

मग काही तो बोलला नाही. रविवारी नेहमीसारखा आईला फोन आला. निवेस सांगते, ठेवता ठेवता त्याने बाबांच्या गुडघ्याचं विचारलं, उजव्याचं ऑपरेशन कधी आहे म्हणून. तिने तारीख सांगितली. गेलिंदो शेजारच्या खोलीत होता. तिचं तारीख सांगणं त्याला ऐकू आलं, पण तो बाहेर आला नाही.